कोंड्याचं सत्त्व

मित्रांनो, सुरतेतल्या उधन्याच्या एका रंगाच्या कारखान्यामागे भिंतीला टेकून एक जुनी स्टीलची टाकी उभी आहे. पोटावर निळेलाल डाग, झाकण नाही, खालची तोटी कायमची गळकी. ती मी. मला पाहणाऱ्याला वाटतं, ही जन्मापासून साड्यांच्या रंगाचं पाणीच साठवत आली असणार. पण माझा जन्म खाण्याच्या वस्तूसाठी झाला होता. माझ्या पोटातून जे निघे, ते माणसांनी भाकरीच्या पिठात मिसळून खावं, अशी एका बाईंची इच्छा होती. त्या बाईंची, आणि माझ्यामुळे नव्हे पण माझ्यातून निघालेल्या वस्तूच्या डब्यापायी ज्यांचा पाय गेला त्या एका माणसाची, ही हकीकत आहे.

मला १९९३ साली याच उधन्यात घडवलं. माझी भिंत दुहेरी होती. दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीतून वाफ फिरे, त्यामुळे आतलं पाणी तापे पण तळाला काही करपत नसे. आत एक मोठी रवी होती, ती मोटारीवर फिरायची. झाकणाला काचेची गोल खिडकी होती. आतून मला इतकं घासून गुळगुळीत केलं होतं, की वेल्डर माझ्यात वाकून स्वतःच्या मिशा पाहत असे. एके सकाळी टेम्पोत घालून मला शहराबाहेर कामरेजला नेलं आणि मगनभाईंच्या भाताच्या गिरणीमागच्या शेडमध्ये उभं केलं.

तुम्ही पांढराशुभ्र भात खाता ना? भाताचं टरफल काढल्यावर आतला तांदूळ पांढरा नसतो. त्याच्या अंगावर पातळ तपकिरी साल असते. गिरणीत ती घासून काढतात. ती साल म्हणजे कोंडा. मगनभाई तो म्हशींच्या गोठेवाल्यांना आणि तेलवाल्यांना विकून टाकत. ज्या बाईंविषयी मी सुरुवातीला बोलले त्या निशाताई त्यांना म्हणाल्या, "मगनभाई, दाण्याने स्वतःसाठी जे चांगलं साठवलेलं असतं, त्यातलं पुष्कळसं या सालीत आहे. जीवनसत्त्वं आहेत, शरीराची झीज कमी करणारे घटक आहेत. आपण ते फेकतो आणि उरलेला दाणा खातो."

निशाताई रसायनशास्त्र शिकलेल्या होत्या. त्यांचे वडील धम्मपाल भुसावळकडून सुरतेला आलेले, रेल्वेत फिटर. ताई लहानपणापासून गिरण्यांत आणि लूमवर राबणारी माणसं बघत आल्या होत्या. सकाळी चहाखारी, दुपारी पांढरा भात, पुन्हा चहा. महागडं टॉनिक त्यांना परवडणार नाही, पण कोंड्यातलं सत्त्व स्वस्तात काढून पिठात मिसळता आलं तर परवडेल, असं त्यांचं म्हणणं. कोंड्यातले काही घटक पाण्यापेक्षा स्पिरिटमध्ये चांगले उतरतात. पण गुजरातेत दारूबंदी, स्पिरिटचा परवाना काही मिळेना. मग ताईंनी पाण्याचा रस्ता धरला.

काम असं चाले. कोंडा गिरणीतून निघाला की लगेच भाजावा लागे. त्यात तेल असतं, तसाच ठेवला तर काही तासांत कडवट होतो. हे काम प्रमिलाबाईंकडे होतं. त्या खानदेशातल्या अमळनेरकडच्या, राहायला सुरतेत, नवागामला. त्यांचे यजमान दगाभाऊ तिथेच पॉवरलूमवर कारागीर होते. भाजलेला कोंडा माझ्यात पडे, वर कोमट पाणी, त्यात ताई चमचाभर पाचक द्रव्य घालत. रवी फिरू लागे. दुपारपर्यंत पाण्याला गोडसर चव येई, शेडभर खरपूस वास सुटे. मग ते पाणी कापडातून गाळून, तबकांत वाळवून त्याची फिकट तपकिरी पूड करत. चिमूटभर जिभेवर ठेवली तर भाजक्या तांदळाच्या पिठासारखी लागे.

ते माझे चांगले दिवस होते. संध्याकाळी प्रमिलाबाई बाह्या सारून कमरेपर्यंत माझ्यात वाकत आणि मला गरम पाण्याने घासत. रवीच्या पात्याखाली बोट फिरवून बघत. एकदा दुसऱ्या बाईने घाईत मला नुसतंच खळबळलं, तर म्हणाल्या, "बाई, हे लोकांच्या पोटात जायचं आहे. तुझ्या लेकराच्या ताटात असं खरकटं ठेवशील का?" दसऱ्याला मगनभाईंनी मला झेंडूचा हार घातला आणि माझ्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

पुढच्याच वर्षी सुरतेत प्लेग आला. तुमच्या आईवडिलांना विचारा, त्यांना आठवत असेल. शहर रिकामं झालं. माणसं मिळेल त्या गाडीला लटकून गावाकडे गेली. प्रमिलाबाई आणि दगाभाऊही गेले. माझी शेड बंद झाली. आत ओल चढली आणि रवीच्या दांड्याला गंज लागला. माणसं परतली आणि माझी शेड पुन्हा उघडली तेव्हा शहर पूर्वीसारखं नव्हतं. रस्ते स्वच्छ होऊ लागले, पण मनातली भीती गेली नव्हती. जो तो अंगात ताकद यावी म्हणून काही ना काही खरेदी करू लागला. मगनभाईंच्या हे लगेच लक्षात आलं. आजवर ताईंची पूड एकदोन बेकऱ्यांत नानखटाईच्या पिठात जायची आणि उरलेली नवागामच्या दोन दुकानांत सुटी विकली जायची. आता मगनभाई डब्यांची भाषा बोलू लागले.

त्याच सुमारास निशाताईंनी एक लहानशी तपासणी केली. मधुमेह असलेल्या काही वयस्क माणसांना त्यांनी रोज पिठातून ही पूड दिली आणि अधूनमधून त्यांची साखर तपासून घेतली. त्या एका दुपारी हसऱ्या चेहऱ्याने शेडमध्ये आल्या. मगनभाई माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते.

"काहीजणांची साखर थोडी उतरली आहे," ताई म्हणाल्या. "थोडीच. आणि त्यांच्या गोळ्या चालूच होत्या. माणसंही मोजकीच आहेत, त्यामुळे आत्ताच काही सांगता येणार नाही. पण दिशा चांगली दिसते."

"साखर उतरली ना?" मगनभाईंनी विचारलं.

"थोडी, म्हटलं मी. गोळ्यांबरोबर."

"हां, हां. उतरली ने."

त्यांनी तेवढंच उचललं. महिन्याभरात डब्याचा नमुना आला. त्यावर गुजरातीत ठळक अक्षरांत छापलं होतं, 'डायाबिटीसला मुळापासून घालवा. गोळ्यांपासून सुटका.' ताईंचा चेहरा उतरला.

"हे खोटं आहे, मगनभाई. हे अन्न आहे, औषध नाही. ही ओळ काढा."

"काढीशुं, बेन, काढीशुं. नमुनोच तो आहे."

पुढच्या आठवड्यात त्यांनी ताईंना दुसरा नमुना दाखवला. त्यावर नुसतं 'पौष्टिक' असं होतं. ताईंना हायसं वाटलं आणि त्या पुन्हा कामाला लागल्या. डबे भरण्याचं काम मगनभाईंनी शहरात, वराछाला हलवलं होतं. तिथे कोणते डबे भरले जातात हे पाहायला ताई कधी गेल्या नाहीत. मगनभाईंनी शब्द दिला होता आणि त्यांनी तो खरा मानला.

आता दगाभाऊंविषयी सांगते. उंच, सडपातळ माणूस, बोलायला मोकळा. दिवसभर लूमवर उभं राहून पायांना मुंग्या येतात म्हणायचे. त्या मुंग्या कामामुळे नाहीत, मधुमेहामुळे आहेत, हे त्यांना सिव्हिल हॉस्पिटलात कळलं होतं. तिथून गोळ्या मिळत. ते कधी शाळेत गेले नव्हते. पण त्या दिवसांत वस्तीत साक्षरतेचे वर्ग निघाले होते. पाळी संपवून ते तिथे बसू लागले आणि चाळिशी उलटल्यावर गुजराती वाचायला शिकले. प्रमिलाबाई हे शेडमध्ये सगळ्यांना सांगत. आता ते दुकानांच्या पाट्या वाचत चालतात, त्यामुळे घरी पोचायला उशीर होतो, असं म्हणून हसत.

एका रविवारी दुपारी ते प्रमिलाबाईंना घ्यायला कामरेजला आले. हातात डबा होता. प्रमिलाबाई माझं झाकण पुसत होत्या.

"आते माले गोया लागतीन नही," दगाभाऊ आपल्या अहिराणीत म्हणाले.

"कोन म्हने?"

"डबावर लिखेल शे. मी सोता वाचं." त्यांनी डबा वर धरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत ती ओळ वाचून दाखवली. गोळ्यांपासून सुटका. वाचून झाल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं. पहिलीतलं मूल धडा वाचून झाल्यावर बाईंकडे पाहतं तसं.

प्रमिलाबाईंना वाचता येत नव्हतं. "ताईले इचारी देखू का?"

"कसाले? ताईनाच डबा शे ना तो."

प्रमिलाबाई पुन्हा झाकण पुसू लागल्या. कोंडा त्या स्वतः भाजत होत्या, मला स्वतः धूत होत्या. शिवाय ताई शिकलेल्या. ताईंच्या वस्तूवर खोटं लिहिलेलं असेल, हे त्यांच्या मनात कसं येणार? निशाताई त्या दिवशी शेडमध्ये नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा प्रमिलाबाईंनी विषय काढला नाही. मी सगळं ऐकलं होतं. माझ्यातून निघालेल्या त्या पुडीत काय आहे आणि काय नाही, हे मला माहीत होतं. पण मित्रांनो, टाकीला वाचा नसते.

सुरुवातीला सगळं ठीक दिसलं. दगाभाऊंना बरं वाटतंय, असं प्रमिलाबाई सांगत. मग ते थकतात असं सांगू लागल्या. सारखं पाणी पितात, म्हणाल्या. पावसाळ्यात कधीतरी लूमवरची लोखंडी पट्टी त्यांच्या पायावर पडली. जखम झाली, पण दुखलं नाही. दुखत नाही म्हणजे काही विशेष नाही, असं समजून त्यांनी फडकं बांधलं आणि काम चालू ठेवलं. मधुमेहात पायाची जाणीव गेली की असंच होतं. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर गोळ्यांबरोबर तेही मागे पडलं.

त्यानंतर बरेच दिवस प्रमिलाबाई आल्या नाहीत. कोंडा दुसरी एक बाई भाजू लागली. एका सकाळी त्या आल्या. पदर खोचला, झाडू घेतला, शेड झाडून काढली. निशाताई आत आल्या तसा त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि माझ्या झाकणावर ठेवला.

"ताई, हे तुम्हीच लिहिलं ना?"

ताईंनी डबा हातात घेतला. मी त्यांच्या अगदी जवळ होते. त्यांनी ती ओळ वाचली, डबा उलटून मागची बाजू पाहिली.

"हा कुठून आला?"

"दुकानातून. नवागामला सगळीकडे हाच मिळतो." मग प्रमिलाबाई म्हणाल्या, "यांचा पाय काढला. गुडघ्याखाली. डॉक्टर विचारत होते, गोळ्या का बंद केल्या. मी काय सांगू ताई? मी म्हटलं, डब्यावर लिहिलं होतं."

निशाताई पिशव्यांच्या थप्पीवर बसल्या. "मी हे काढायला सांगितलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं, काढलं."

"तुम्ही बघितलं नाही?"

"नाही."

प्रमिलाबाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर ताईंना सोपं गेलं असतं, असं मला वाटतं. त्यांनी झाडू उचलला आणि उरलेला कोपरा झाडायला गेल्या.

दुपारी मगनभाई आले. ताईंनी डबा त्यांच्यासमोर धरला. मगनभाई ओरडले नाहीत, त्यांनी खोटंही नाकारलं नाही. "आ तो धंधो छे, बेन," ते म्हणाले. "पौष्टिक लिहिलेले डबे दुकानात पडून राहिले. कोणी हात लावला नाही. ही ओळ घातली आणि माल चालू लागला. विष तर नाही ना यात? तुम्हीच म्हणालात, चांगलं आहे."

"चांगलं आहे म्हणूनच हे करायला नको होतं," ताई म्हणाल्या. "दगाभाऊंचा पाय गेला."

मगनभाईंनी डबा त्यांच्या हातातून घेतला. "ते वाईट झालं," ते म्हणाले. खरंच वाईट वाटून म्हणाले. मग म्हणाले, "पण गोळ्या बंद करायला मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो."

त्या दिवशी माझ्यात शिजत असलेलं पाणी ताईंनी तोटी उघडून सोडून दिलं. मोटार बंद केली. त्यानंतर काही दिवस त्या नवागाम, डिंडोली, वराछा, सगळीकडे दुकानोदुकान फिरल्या. दुकानदारांना सांगितलं, ही ओळ खोटी आहे, डबे परत करा. काहींनी केले. बहुतेकांनी माल संपेपर्यंत विकला. मग ताईंनी अन्न खात्याकडे तक्रार केली.

तपासणी अधिकारी आले. शेडमध्ये माझ्यासमोर टेबल मांडलं. तक्रारीला आधार म्हणून कोणीतरी सांगायला हवं होतं, की हे वाचून आम्ही औषध सोडलं. मगनभाईंनी आदल्या दिवशी सगळ्या बायकांना जमवून शांतपणे समजावलं होतं, की शेड बंद झाली तर कोणालाच काम उरणार नाही. त्यात त्यांनी काही वावगं सांगितलं नव्हतं. प्रमिलाबाईंचं घर आता त्यांच्या एकट्यावर चालत होतं. त्या बोलतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. त्या एकट्या आल्याही नाहीत. दगाभाऊ कुबडी टेकत त्यांच्याबरोबर आले.

अधिकाऱ्यांनी गुजरातीत विचारलं. प्रमिलाबाईंनी सगळं क्रमाने सांगितलं. डबा कुणी आणला, काय वाचलं, गोळ्या कधी थांबल्या. मग अधिकारी दगाभाऊंकडे वळले. दगाभाऊ अहिराणीतच बोलले.

"साहेब, माले वाचता येवाले लागनं म्हनीसन मी खूश व्हतू. लिखेल खोटं ऱ्हास, हाई माले कोनी शिकाडं नही."

निशाताई ते गुजरातीत सांगायला उठल्या आणि परत खाली बसल्या. शेवटी प्रमिलाबाईंनीच आपल्या मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगितलं. लिहिलेलं खोटं असतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

डबे जप्त झाले. शेडला कुलूप लागलं. मित्रांनो, गोष्टींमध्ये यानंतर चांगल्याचा विजय होतो. इथे असं झालं, की शेडमधल्या बायकांचं काम सुटलं आणि त्या प्रमिलाबाईंशी बोलेनाशा झाल्या. एकीने मला पुसायचं फडकं परत नेताना म्हटलं, "पाय तर परत आला नाही ना हिच्या नवऱ्याचा? मग आमच्या पोटावर पाय का दिला?" प्रमिलाबाई तिथेच उभ्या होत्या.

मगनभाईंनी दंड भरला. काही महिन्यांनी त्यांनी दुसऱ्या नावाने डबे काढले, असं हमालांच्या बोलण्यातून मला कळलं. या वेळी आत फक्त भाजलेलं पीठ, साखर आणि वेलची होती. कोंड्याचं सत्त्व नाही. त्यासाठी लागणारी मी तर कुलपात होते. डबा तरीही खपत होता, कारण खपत होती ती वरची ओळ. हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा आपण रिकाम्या आहोत असं वाटलं.

निशाताई सुरत सोडून गेल्या. कुठे गेल्या, पुन्हा कोंड्याचं काम करतात का, मला माहीत नाही. जाण्याआधी त्या एकदा शेडमध्ये आल्या होत्या, आपली तबकं आणि गाळणीची कापडं न्यायला. माझ्या काचेतून आत डोकावल्या. आत धूळ होती.

पुढे गिरणीचा जुना माल काढला, त्यात मीही गेले. रंगाच्या कारखान्याने मला घेतलं. पहिल्यांदा माझ्यात निळा रंग ओतला तेव्हा तो गुळगुळीत पत्र्यावरून धुऊन निघत होता. नंतर वेल्डिंगच्या शिवणीत बसू लागला. मग लाल, मग काळा. आम्ही भांडी एकदा अशा कामाला लागलो की आमच्यात पुन्हा कोणी खाण्याचं काही शिजवू नये, आणि ते बरोबरच आहे. रवी केव्हाच काढून विकली गेली. काच फुटली. आता माझ्यात हात धुवायचं पाणी भरतात आणि ते गळून जातं.

कधीकधी इथले कामगार नवागामच्या गोष्टी बोलतात. त्यातून कळलं, की दगाभाऊ बसून बॉबिनवर सूत भरण्याचं काम करतात आणि प्रमिलाबाई साड्यांना टिकल्या लावतात. रोज सकाळी त्या स्वतः गोळी त्यांच्या तळहातावर ठेवतात आणि ती गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत, असं त्यांचा एक शेजारी हसत सांगत होता. मला हसू आलं नाही.

मित्रांनो, मी कोंड्याविरुद्ध काही सांगत नाही. दाण्याच्या सालीत खरोखर पुष्कळ चांगलं असतं आणि ते काढण्यात मी माझी चांगली वर्षं घालवली. पण माझ्यातून जे निघत असे ते अन्न होतं, अन्नाइतकंच ते करू शकत होतं. तुम्हाला आता वाचता येतं. दुकानात डबा हातात घेतलात, तर वरची ठळक ओळ वाचून थांबू नका. ती कोणी लिहिली आणि त्याने ती कशावरून लिहिली, हे मोठ्यांना विचारा. त्यांना सांगता आलं नाही तर डबा परत ठेवा.

आणि तुमच्या घरी आजोबांना, मावशीला, कोणालाही रोजची गोळी असेल, तर जेवायला बसताना पाण्याचा पेला त्यांच्याजवळ नेऊन ठेवा आणि विचारा, "आजची घेतली का?" ते रागावतील, तरी विचारा. भाकरी, कोंडा, सत्त्व, जे काही वाढायचं ते त्यानंतर वाढा.